बिनहाराचा फोटो

बुधवार, ३० नोव्हेंबर १९८३. सकाळी थंडी, दहानंतर चांगलं ऊन. धोंडुबाई कामाला उशिरा आली. नातवाला ताप आहे. अंबिकेच्या शाळेत पालकसभा, म्हणून ती डबा घेऊन लवकर गेली. रद्दी दिली. दुपारी हंबीरराव येऊन गेले. रविवारी नौदल दिनाचा कार्यक्रम आहे, त्यासाठी नरसूचा फोटो हवा म्हणाले. दिला. रात्री मुगाची खिचडी.

'दिला' एवढंच अक्कांनी लिहिलं. पण तो फोटो भिंतीवरून खाली यायला सगळी दुपार गेली होती.

हंबीरराव नौदलातून पेटी ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले. आता शाहूपुरीत मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान चालवत. उभी हयात जहाजाच्या इंजिनाशेजारी गेल्यामुळे साधं 'पाणी द्या' म्हणाले तरी शेजारची माणसं दारात येत. आल्या आल्या त्यांनी सुरुवात केली.

"अक्का, औंदा कोल्हापुरात नेव्ही डे करतोय आमी. समदं माजी नौसैनिक गोळा केल्यात. महाराजांच्या आरमारापास्नं आत्तापातुर समदा इतिहास तक्त्यांवर मांडणार. आन जिल्ह्यातली जी पोरं कामी आली, त्यांचं फोटू एका टेबलावर. आपला नरसू नगं व्हय त्यात?"

अक्कांनी भिंतीकडे पाहिलं. पांढऱ्या गणवेशातला, टोपी किंचित तिरपी घातलेला त्यांचा मुलगा तिथे होता. शेजारी तात्यांचा, म्हणजे अक्कांच्या यजमानांचा फोटो. तात्यांच्या फोटोला चंदनाचा हार. नरसूच्या फोटोला नाही. रोज सकाळी देवपूजेआधी अक्का दोन्ही काचा पुसत, पण नरसूची काच पुसताना त्या फडकं बदलत. का, ते त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

"फोटो देते," चहा हातात देत त्या म्हणाल्या, "पण हार घालायचा नाही."

हंबीररावांनी बशी खाली ठेवली. "म्हंजे?"

"म्हणजे हार नाही. आहे तसा ठेवायचा."

"अवो अक्का, बाकीचं समदं हारात आन ह्योच मोकळा? लोकं म्हणतील, ह्यो कोन, कार्यक्रमाचा अध्यक्ष का काय?"

"म्हणू देत."

"आन मी माळ्याकडं हाराची आर्डर दिलीया की!"

"मग एक कमी करून सांगा."

हंबीररावांनी मान खाजवली. "बरं. मोकळा तर मोकळा. तुमच्याम्होरं आमचा ॲडमिरलबी गप बसला असता."

विमला हे अक्कांचं नाव. वडील सरकारी नोकरीत, बदली बेळगावला झाली म्हणून मुलगी तिथल्या कॉन्व्हेंटात शिकली. तिथून त्या दोन गोष्टी घेऊन आल्या: इंग्रजी वळणाचं उभट अक्षर आणि रोजनिशी. लग्न होऊन कोल्हापुरात आल्या तेव्हा सासरच्या बायकांना वाटलं, सूनबाई रात्री माहेरी पत्रं लिहीत बसते. तात्या कोर्टात शिरस्तेदार होते. पुष्कळ वर्षं पाळणा हलला नाही. शेवटी नृसिंहवाडीला नवस बोलला आणि मुलगा झाला, म्हणून त्याचं नाव नृसिंह.

अक्कांचं आजोळ कुरुंदवाडचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत नरसू तिथे कृष्णेच्या घाटावर पडून असायचा. नवव्या वर्षी तो नदी ओलांडून पलीकडच्या काठाला लागला. नावाड्याने कान धरून परत आणला आणि अक्कांच्या पुढ्यात उभा केला. "घ्या तुमचा मासा," म्हणाला. त्या दिवशी मुलाला मार मिळाला आणि संध्याकाळी शिराही मिळाला. पुढे कोल्हापुरात रंकाळा होताच. नेव्हीत जातो म्हणाला तेव्हा तात्या हसले, "घरात कोर्टाची पायरी चढायची सोय असताना हा बोटीची शिडी चढणार!" हसले खरे, पण भरतीच्या कागदावर सही करताना चष्मा दोनदा पुसला. तात्या अडुसष्ट साली गेले. सत्तरच्या वैशाखात अक्कांनी नरसूचं लग्न केलं. मुलगी मिरजेची. अंबिका. एकोणीस वर्षांची, गोरीपान, जरा हट्टी.

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई झाली आणि नरसूचं जहाज दीवच्या समुद्रात बुडालं. तार आली. बेपत्ता, मृत्यू झाला असावा.

नात्यातल्या बायका त्याच संध्याकाळी आल्या. अंबिका माजघरात भिंतीला टेकून बसली होती. एकीने पाण्याचा तांब्या घेतला, दुसरीने अंबिकेचा हात धरला. बांगड्यांना हात लागणार तोच अक्का उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

"कुणी हात लावायचा नाही तिला."

"अगं विमल, तार आली ना?"

"तारेत बेपत्ता म्हटलंय. शास्त्रात बारा वर्षं सांगितलीत. देह नाही, दहन नाही, आणि तुम्ही कुंकू कसलं पुसता? माझा मुलगा नऊ वर्षांचा असताना कृष्णा पोहून गेलाय."

बायका गेल्या. जाताना जिन्यात काय बोलल्या ते अक्कांना ऐकू आलं, पण त्या रात्री त्यांना फक्त एवढंच समाधान होतं की वीस वर्षांच्या त्या पोरीचं कपाळ त्यांनी वाचवलं. सकाळी अंबिका न्हाऊन आली. कपाळावर कुंकू होतं. ते पाहून अक्कांनी चहाचा पहिला घोट घेतला.

लढाईतले कैदी पुढच्या वर्षी परत आले. त्यांत नरसू नव्हता. कुणी म्हणालं, एखाद्या कोळ्याने उचलला असेल. कुणी म्हणालं, स्मृती गेली असेल. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. अंबिकेने मुलांना शिकवायचा कोर्स केला आणि प्राथमिक शाळेत लागली. पितृपक्षात तात्यांचं श्राद्ध चुलत पुतण्या करी. गुरुजी विचारत, "आणखी कुणाचं नाव?" तेव्हा अक्का दारामागे उभ्या असत. पुतण्या त्यांच्याकडे बघे. त्या मान हलवत. नाही.

चैत्रातल्या हळदीकुंकवाला शेजारच्या बायका अंबिकेला बोलवायचं का नाही यावरून खोळंबत. बोलावलं तर तिच्या हातचं कुंकू लावून घ्यायला एखादीला कापरं भरायचं. नाही बोलावलं तर अक्का दुसऱ्या दिवशी त्या घरी जाऊन उभ्या राहत. हळूहळू बायकांनी तोडगा काढला. अंबिकेला बोलवायचं, पण सगळ्यात शेवटी. ती शेवटी जायची. डाळ, पन्हं घेऊन यायची. अक्का विचारायच्या, "नीट झालं ना?" ती म्हणायची, "झालं."

या भाद्रपदात गुरुजींनी पोथी बांधता बांधता हळूच सांगितलं होतं, "येत्या मार्गशीर्षात बारा पूर्ण होतात, अक्का. दर्भाचा देह करून विधी करता येतो." अक्कांनी दक्षिणा दिली आणि विषय बदलला. रात्री त्यांच्या मनात नरसू नव्हता, अंबिका होती. बत्तीस वर्षांची. दर्भाचा देह जाळला की दुसऱ्या दिवशी तिचं कपाळ मोकळं होणार, आणि ते मोकळं कपाळ आपल्याला रोज समोर बघावं लागणार. मुलगा एकदा गेला होता. सून रोज जाणार.

रविवारी दुपारी दोघी पेठेतल्या हायस्कूलच्या हॉलात गेल्या. हंबीररावांनी कसर ठेवली नव्हती. दारात बिस्किटांच्या डब्यांचं पत्र्याचं जहाज, त्यावर तोफा, तोफांवर राखाडी रंग अजून ओला. भिंतीला ओळीने तक्ते. पहिल्या तक्त्यावर किल्ले आणि गलबतं, मग इंग्रजांचा काळ, मग शेहेचाळीस सालचा खलाशांचा संप, मग गोव्याची मुक्ती, मग चार डिसेंबरचा कराचीवरचा हल्ला. लोक या शेवटच्या तक्त्यापुढे गर्दी करून उभे होते. त्याच तक्त्याच्या तळाला, जळत्या तेलाच्या टाक्यांच्या चित्राखाली, बुडालेल्या जहाजाच्या दोन ओळी होत्या. अक्कांनी त्या वाचल्या. पुन्हा वाचल्या. त्यात चूक काहीच नव्हती.

"अक्का, या या! वैनी, या की!" हंबीरराव जुना गणवेश चढवून आले होते. पोटावरची बटणं जिवावर उदार होऊन धरून होती. "जहाज बघितलं का? धोंडुबाईनं डबं दिल्यात. म्हनली, बिस्किटं खाऊन पोरांचं पोट बिघडलं, निदान देशाच्या तरी कामाला येऊ द्या!"

अंबिका हसली. अक्का टेबल शोधत होत्या.

ते भिंतीच्या कडेला होतं. पांढरी चादर, उदबत्ती, फोटो. प्रत्येकाला झेंडूचा हार. मधेच नरसू, मोकळा, टोपी तिरपी. एवढ्या हारांमध्ये तो खरोखरच दुसऱ्या कुणासारखा दिसत होता. त्या सगळ्यांना भेटायला आलेला असावा, तसा. अक्कांना बरं वाटलं. त्या बाजूच्या खुर्चीवर बसल्या.

थोड्या वेळाने पेठ वडगावहून आलेल्या एका बाईने ओळीने सगळ्या फोटोंना हात जोडले. शेवटचा फोटो तिच्या मुलाचा होता बहुतेक, कारण तिथे ती जरा जास्त थांबली. मग डोळे पुसत मागे वळून नरसूच्या फोटोपाशी आली, त्या फोटोशेजारी उभ्या असलेल्या अंबिकेकडे पाहिलं, तिच्या कपाळाकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला.

"ह्ये तुमचं मालक व्हय, बाई?"

"हो."

"आलं न्हाईत आज?"

"समुद्रावर असतात," अंबिका म्हणाली.

"बरं झालं बाई. येकाचं तरी बरं झालं." त्या बाईने अंबिकेच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. "आमचा एकाहत्तर साली गेला. तुमचं सुखरूप ऱ्हाऊंदेत. आलं की म्हनावं, वडगावाला या. पोटभर जेवाया घालते. पोराच्या बरोबरीचा म्हनून."

"सांगते," अंबिका म्हणाली.

बाई पुढे गेली. अक्का खुर्चीवर बसून होत्या. अंबिका चाचरली नव्हती. दूधवाल्याला 'उद्या दोन द्या' सांगावं तितक्या सरळ आवाजात तिने ते वाक्य म्हटलं होतं. ते वाक्य आज पहिल्यांदा म्हटलेलं नव्हतं. किती ठिकाणी, किती जणांना तिने ते म्हटलं असेल? बसमध्ये, शाळेत, हळदीकुंकवात?

अक्का उठल्या. "जरा बाहेर चल."

व्हरांड्यात पाण्याचा माठ होता. तिथे कुणी नव्हतं.

"तू असं का सांगितलंस तिला? तिचा मुलगा गेलाय, अंबिका. तिला तरी खरं सांगायचंस."

"आणि तुम्ही शेजारी बसलेल्या असताना?"

अक्कांनी माठावरचं फुलपात्र उचललं आणि परत ठेवलं.

"मला माहीत आहे, अक्का," अंबिका म्हणाली. तिने आवाज चढवला नाही. "कैदी परत आले ना, तेव्हाच कळलं मला. त्या रात्री तुम्ही गावाला होतात. मी एकटीने रडून घेतलं."

"मग हे?" अक्कांचा हात तिच्या कपाळाच्या दिशेने गेला आणि मधेच थांबला.

"तुम्ही सकाळी माझ्या कपाळाकडे बघता आणि मग चहा घेता. एकदा मी न्हाणीघरातून तशीच आले होते, विसरून. आठवतं? तुम्ही कप तसाच ठेवून देवघरात गेलात. दिवसभर काही खाल्लं नाहीत." अंबिकेने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "त्यानंतर नाही विसरले."

"अगं, पण मी तुझ्यासाठी... तुला त्या बायकांच्या हाती द्यायचं नव्हतं मला. वीस वर्षांची होतीस."

"माहीत आहे."

"मला वाटायचं, तू वाट बघतेस."

"मला वाटायचं, तुम्ही."

आत हंबीररावांनी माइक ठोकून बघितला. 'हॅलो, हॅलो' दोनदा घुमलं. अक्कांनी माठाच्या झाकणावर हात टेकला.

"तेव्हाच मोकळं केलं असतं तुला तर माहेरी गेली असतीस. घर झालं असतं तुझं. मूलबाळ..."

अंबिका देईल ते उत्तर खरं असेल, हे अक्कांना ठाऊक होतं, आणि त्यांना त्याचीच भीती वाटत होती.

"राग यायचा तुमचा," ती म्हणाली. "खूप यायचा. हळदीकुंकवाहून येताना तर जिन्यातच वाटायचं, आज वर जाऊन सांगून टाकावं. मग वर यायचे तर तुम्ही माझ्या वर्गातल्या मुलांच्या वह्या तपासत बसलेल्या असायच्या. लाल पेन्सिलीने. पाठ दुखते म्हणत." ती हसायला गेली, पण जमलं नाही. "मग कसं सांगणार?"

अक्का आत निघाल्या. एकदा थांबल्या, पदर सारखा केला, आणि थेट टेबलाकडे गेल्या.

"हंबीरराव, हार द्या."

"आं?" त्यांनी माइक बाजूला केला.

"नरसूच्या फोटोला. हार द्या."

हंबीररावांचा एरवीचा आवाज कुठे गेला कुणास ठाऊक. ते जवळ येऊन म्हणाले, "अक्का, न्हाई हो. तुमीच येक कमी करायला सांगितलं. मोजूनच आणल्यात."

झालं. जो हार त्यांनी अडवला होता, तो आता नव्हता. दुसऱ्या कुणाच्या मुलाच्या गळ्यातला काढून घ्यायचा प्रश्न नव्हता. माळ्याचं दुकान रविवारी दुपारी बंद. अक्का हात पुढे करून तशाच उभ्या. त्यांना वाटलं, आता आपण परत खुर्चीवर जाऊन बसलो तर पुन्हा उठणं व्हायचं नाही.

हंबीरराव व्यासपीठाकडे गेले. तिथे तबकात प्रमुख पाहुण्यांच्या स्वागताचा हार होता, गुलाब आणि जरीचा. तो त्यांनी उचलला. एक कार्यकर्ता कुजबुजला, "आन पावण्यांना काय घालायचं?"

"पावण्यांचं नारळावर भागवू. जित्या माणसाला काय, पुन्यांदा घालता येतोय."

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं काय बोललो ते. त्यांनी जीभ चावली. अक्कांनी ते ऐकलंच नाही असं दाखवलं.

"तू घाल," अक्का अंबिकेला म्हणाल्या.

"तुम्ही घाला. तुमचा आहे."

फोटो मागच्या बाजूला, उंच पाटावर होता. अक्कांचा हात पुरेना. हंबीररावांनी तो दोन्ही हातांनी उचलला, अक्कांच्या छातीइतका खाली आणून धरला आणि मान खाली घातली. अक्कांनी हार घातला. पण तो माणसाच्या गळ्यासाठी केलेला हार, फोटोला फार मोठा झाला. जरीचं गोंड्याचं टोक चौकटीच्या बरंच खाली लोंबायला लागलं आणि गुलाबांत नरसूचा चेहरा दिसेना. अंबिका पुढे झाली. तिने हार उचलून दुहेरी केला, वरची घडी चौकटीमागे खिळ्यात अडकवली आणि एक गुलाब बोटाने बाजूला सारला. टोपी दिसली. मग कपाळ, मग डोळे.

"नीट बसला का?" अक्कांनी विचारलं.

"बसला."

पेठ वडगावची बाई दाराजवळ उभी राहून बघत होती. तिला काय घडतंय ते समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा ती परत आली, अक्कांच्या शेजारी उभी राहिली आणि तिने त्यांचा हात धरला. तो हात कार्यक्रम संपेपर्यंत तिच्या हातात होता. भाषणं झाली. पाहुण्यांना नारळ मिळाला.

घरी येईतो दिवेलागण झाली. अंबिका न्हाणीघरात गेली. अक्का पाटावर बसल्या. आज बघायचं नाही असं त्यांनी वाटेत ठरवलं होतं. दार वाजलं तेव्हा त्यांनी बघितलं.

अंबिकेचं कपाळ कोरडं होतं. जिथे रोज कुंकू असायचं तिथली कातडी बाकीच्या कपाळापेक्षा फिकट दिसत होती.

"बस," अक्का म्हणाल्या.

ती बसली. अक्कांनी तिला कुशीत ओढलं नाही. तशी त्या घरात रीत नव्हती. त्यांनी तिच्या केसांतला चाप काढला, केस मोकळे केले आणि वेणी घालायला घेतली. पेड सुटत होते, त्या पुन्हा घेत होत्या. अंबिकेचे खांदे हलायला लागले. मग अक्कांचेही. नरसूसाठी त्या दोघी एकत्र कधी रडल्या नव्हत्या. बारा वर्षांत एकदाही नाही. एकमेकींपासून लपवायचं होतं ना. आता लपवायला काही उरलं नव्हतं आणि रडणं आवरेना. स्टोव्हवर काय ठेवलंय याचं भान दोघींनाही नव्हतं.

जेवायच्या आधी अक्कांनी रोजनिशी उघडली. तारीख घातली. रविवार, ४ डिसेंबर १९८३. थंडी कमी. दुपारी हायस्कूलच्या हॉलात नौदल दिनाचा कार्यक्रम. गर्दी चांगली होती. नरसूच्या फोटोला हार घातला. गुरुजींना निरोप पाठवायचा. इथे त्यांनी स्टोव्हकडे पाहिलं. मग त्यांनी लिहिलं: संध्याकाळी अर्धं दूध उतू गेलं. उरलेल्याला विरजण लावलं.